विंडोज १० वरून लिनक्स मिंट: जुना एचपी लॅपटॉप, मराठी टायपिंग आणि कॅनन एलबीपी २९००

माळवद:
नमस्कार मंडळी. घरचा लॅपटॉप एचपी १५, प्रोसेसर कोअर आय३-६००६यू, रॅम ४ जीबी, आत १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि प्रोसेसर सहाव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे चालणार नाही. शिवाय चालू होऊन हाताशी यायला पाच-पाच मिनिटं लागतात. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं घरात ठरलंय.

वापर असा: बाबा सोसायटीचे सचिव आहेत. नोटिसा, इतिवृत्त, पत्रव्यवहार सगळा मराठीत. जुन्या फाइली श्री-लिपीत, गेल्या काही वर्षांतल्या युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप केलेल्या. प्रिंटर कॅनन एलबीपी २९००. फोटो आणि कागदपत्रं मिळून साधारण १२० जीबी. बँक आणि आयकराचं विवरणपत्र ब्राउझरमधूनच भरतो.

विंडोज शेजारी ठेवावं की पूर्ण काढावं? मिंटची कोणती आवृत्ती घ्यावी? बाबांचं मराठी टायपिंग अडणार नाही ना? आणि हा प्रिंटर चालेल का? क्रमाने सांगितलंत तर बरं होईल.

सोल्डरगन:
आधी हार्ड डिस्कचं बोलू, कारण पाच मिनिटांचं दुखणं तिथलं आहे. फिरत्या डिस्कवर मिंट टाकलं तरी ते रखडतच चालेल. २४० किंवा २५६ जीबीचा साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, घ्या, अडीच इंची, ७ मिमी जाडीचा. जुन्या डिस्कच्याच जागी, त्याच पत्र्याच्या चौकटीत तो बसतो. सोबत जुनी डिस्क बाहेरून जोडण्यासाठी एक यूएसबी ३.० चं केसिंग घ्या. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे: विंडोज पुसायचं नाही आणि शेजारीही ठेवायचं नाही. विंडोजसकट जुनी डिस्क जशीच्या तशी बाहेर काढून ठेवायची. काही अडलं तर चार स्क्रू काढून ती परत लावली की जुनं घर होतं तिथंच आहे.

रॅम ८ जीबी करता आली तर नक्की करा. हा प्रोसेसर डीडीआर३एल आणि डीडीआर४ दोन्ही चालवतो, त्यामुळे तुमच्या मदरबोर्डवर कोणती आहे ते आतल्या पट्टीवरचं लेबल वाचूनच ठरवा. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, चुकीची पट्टी बसत नाही. ४ जीबीवर मिंट चालतं, पण ब्राउझरमध्ये बँक, मेल आणि दोन-चार व्हिडिओ एकत्र उघडले की जीव गुदमरतो.

डिस्क काढण्याआधी विंडोजमध्ये तीन कामं करून घ्या.

एक, सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लागलेलं कुलूप, चालू आहे का बघा. चालू असेल तर बंद करा आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. हे राहिलं तर बाहेरून जोडलेली डिस्क ४८ अंकी रिकव्हरी की मागेल, आणि ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी विसरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते.

दोन, फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये त्याची खूण आहे. फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउन केलं की विंडोज खरं तर अर्धवट झोपतं आणि डिस्कवर तशी नोंद ठेवतं. लिनक्स ती नोंद बघून डिस्क फक्त वाचायला उघडतं, कधी उघडतच नाही. खूण काढून मग नेहमीसारखं शटडाउन करा.

तीन, ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क एक्सपोर्ट करा. लोक डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स आठवणीने घेतात आणि हे विसरतात.

आवृत्तीबद्दल: मिंट २२ मालिकेतली सर्वांत ताजी घ्या. ती उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. मिंट वेगवेगळ्या डेस्कटॉपांसह मिळतं: रॅम ८ जीबी करणार असाल तर सिनॅमन, ४ वरच राहणार असाल तर हलकं एक्सएफसीई. दिसायला सिनॅमन विंडोजच्या जास्त जवळचं, त्यामुळे बाबांना सोपं जाईल.

आयएसओ, म्हणजे मिंट इन्स्टॉल करायची फाइल, जेमतेम ३ जीबीची असते, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरे. पेनड्राइव्हवरचं सगळं जाणार हे लक्षात ठेवा. डाउनलोड झाल्यावर फाइलचा एसएचए-२५६ बेरीज-आकडा मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. अर्धवट उतरलेली आयएसओ इन्स्टॉल होता होता शेवटच्या टप्प्यात फाटते, आणि मग दोष एसएसडीला दिला जातो. पेनड्राइव्ह विंडोजवरच्या रुफस नावाच्या मोफत साधनाने तयार करा, पार्टिशन स्कीम जीपीटी, टार्गेट यूईएफआय. एचपीवर चालू करताना एस्केप दाबत राहा, मग एफ९, तिथं पेनड्राइव्ह निवडा.

आता घाई करू नका. पेनड्राइव्हवरून मिंट डिस्कला हात न लावता चालतं. त्यातच वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसच्या कळा, टचपॅड, हेडफोन तपासा. झाकण बंद करून उघडा, झोपलेला लॅपटॉप जागा होतो का बघा. जे इथं चालतं ते इन्स्टॉल केल्यावरही चालतं. पडदा काळा राहिला तर सुरुवातीच्या मेन्यूत कम्पॅटिबिलिटी मोड आहे तो निवडा. नुसतं इंटेलचं ग्राफिक्स असेल तर सहसा गरज पडत नाही, पण काही एचपी १५ मॉडेलांत वेगळी एएमडी चिप असते, तिथं कधीकधी पडते.

सगळं समाधानकारक वाटलं की लॅपटॉप बंद, बॅटरी बाहेर, जुनी डिस्क काढा, एसएसडी लावा. काही एचपी १५ मध्ये मागच्या रबरी पायांखाली स्क्रू लपलेले असतात. झाकण जोर लावून उचकटण्याआधी ते शोधा, नाहीतर प्लॅस्टिकचे काटे तुटतात. इन्स्टॉल करताना आत फक्त नवा एसएसडी असावा. याला कारण आहे: दोन डिस्क एकत्र असल्या तर हा इन्स्टॉलर बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्राम, कधीकधी पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर (डिस्कचा ज्यातून यंत्र सुरू होतं तो छोटा भाग) टाकतो, तुम्ही दुसरी निवडली असली तरीही. मग पहिली काढली की दुसरी सुरूच होत नाही.

इन्स्टॉलरमध्ये मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा. टाइम झोन कोलकाता. कीबोर्ड 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' निवडा: इंग्रजी नेहमीचंच राहतं आणि उजवा ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ उमटतो. डिस्कच्या पानावर 'इरेज डिस्क' घ्या. आत एकच रिकामा एसएसडी आहे, चुकीचं पुसलं जाण्याचा प्रश्नच उरत नाही. स्वॅपची (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेची) वेगळी पार्टिशन करू नका, स्वॅप फाइल तो स्वतः तयार करतो.

वेलांटी:
मराठीचं सविस्तर सांगते, कारण ज्येष्ठांच्या हाती मिंट दिलं आणि मराठीची व्यवस्था लावली नाही तर आठवड्यात लोक विंडोजवर परत जातात.

इनस्क्रिप्ट हा भारत सरकारने प्रमाणित केलेला आराखडा आहे. विंडोजवर जो आहे तोच लिनक्सवर, त्यामुळे बाबांच्या बोटांना नवं काही शिकावं लागणार नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस (वेगवेगळ्या भाषा टाइप करायची यंत्रणा) आणि आयबस-एम१७एन ही दोन पॅकेजं टाका. मेन्यूत इनपुट मेथड उघडून आयबस निवडा, एकदा लॉगआउट करून परत या. मग आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये मराठीखाली इनस्क्रिप्ट२ जोडा. तिथंच मराठीचे इतर प्रकारही दिसतील, गमभनसुद्धा. इंग्रजी अक्षरांवरून मराठी टाइप करणारं घरात कुणी असेल तर त्यांच्यासाठी तो लावून ठेवा. भाषा बदलायची कळ सुपर-स्पेस असते. विंडोजवर सवय ऑल्ट-शिफ्टची असेल तर तीच नेमा.

तपासायला एक शब्द टाइप करून बघा: 'किनाऱ्यावर'. यातला ऱ्या साध्या र ने होत नाही. शिफ्ट-जे दाबून नुक्त्याचा ऱ, मग डी ने पाय मोडायचा, मग तिरकी रेघ म्हणजे य, मग ई म्हणजे काना. साधा र घेतलात तर 'र्या' होऊन रफार वर जातो, 'सूर्या'सारखा. हा शब्द नीट उमटला की कीबोर्ड आणि फॉन्ट दोन्ही ठीक आहेत असं समजा.

एक धोका टाळा. लॉगिनच्या पडद्यासाठी मराठी लेआउट पहिला ठेवू नका. पासवर्ड टाइप करताना ठिपके दिसतात, अक्षरं दिसत नाहीत, आणि देवनागरीत गेलेला पासवर्ड चूक ठरत राहतो. इंग्रजी पहिलं, मराठी दुसरं.

लिब्रेऑफिस या वर्ड-एक्सेलसारख्या मोफत ऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीपासून वेगळा नेमावा लागतो. टूल्स, ऑप्शन्स, भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी (सीटीएल, देवनागरी यात येते) मराठी निवडा. मग रायटरच्या खाली बेसिक फॉन्ट्स सीटीएल या पानावर नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्त लावा. हे केलं नाही तर प्रत्येक नव्या कागदावर फॉन्ट बदलत बसावं लागतं. लोड-सेव्हच्या पानावर वर्डचा डॉकएक्स प्रकार कायमचा ठरवून टाका, म्हणजे समितीच्या इतरांना फाइल उघडायला त्रास होणार नाही. विंडोजवर मंगल किंवा निर्मलामध्ये केलेली पत्रं इथं उघडली की ओळींची उंची थोडी बदलते. एका पानाची नोटीस दोन ओळींनी दुसऱ्या पानावर सांडते. बाहेर पाठवायचं पत्र पीडीएफ करूनच पाठवा. इंग्रजीसाठी कार्लिटो हा फॉन्ट टाका, त्याची मापं कॅलिब्रीशी जुळतात.

श्री-लिपीच्या फाइली हा खरा तिढा आहे. त्या फाइलींत मराठी अक्षरं नसतात. इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि श्री-लिपीचा फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नसला की पान भरून इंग्रजी गचपण दिसतं. फॉन्टची फाइल मिंटमध्ये डबल-क्लिक करून इन्स्टॉल केली तर वाचता आणि छापता येईल, पण लिहिता येणार नाही, कारण श्री-लिपीचा कीबोर्ड विंडोजच्या सॉफ्टवेअरमधून येतो. म्हणून डिस्क काढण्याआधी, विंडोजवर असतानाच दोन गोष्टी करा: प्रत्येक जुन्या फाइलची पीडीएफ, आणि ज्या पुन्हा लागणार आहेत, उदाहरणार्थ उपविधी किंवा नोटिशीचे नमुने, त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर. रूपांतर झाल्यावर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि अर्धा श या तीन जागा डोळ्यांखालून घाला. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षर आलं की रूपांतरक तिथं चुकतो आणि 'स्थिती'ची वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. इतिवृत्तातली नावं आणि रकमा मूळ पीडीएफशी ताडूनच वापरा.

टोनर:
एलबीपी २९०० ला लिनक्सवर चालवता येतं, पण तो अवघड प्रिंटर आहे, हे आधी सांगितलेलं बरं. हा कॅननच्या कॅप्ट नावाच्या पद्धतीवर चालतो. पान आखण्याचं बरंचसं काम प्रिंटर स्वतः करत नाही, संगणकाकडून करून घेतो, त्यामुळे सर्वसाधारण ड्रायव्हर चालत नाही. कॅननने लिनक्ससाठी कॅप्ट ड्रायव्हर काढला होता, पण तो जुना आहे, ६४ बिट प्रणालीवरही त्याला ३२ बिटच्या लायब्ररी लागतात, आणि सीसीपीडी नावाची सेवा पार्श्वभूमीत सतत चालू असावी लागते. संगणक नव्याने सुरू झाल्यावर ही सेवा उठली नाही की छपाई रांगेत अडकून बसते. पडद्यावर 'प्रोसेसिंग' दिसत राहतं आणि कागद हलत नाही. लोक तीच नोटीस पाच वेळा पाठवतात आणि सेवा सुरू झाली की पाचही प्रती बाहेर पडतात. दुसरा मार्ग कॅप्टड्रायव्हर नावाचा मुक्त ड्रायव्हर. तो स्वतः कम्पाइल करावा, म्हणजे मूळ कोडपासून तयार करावा लागतो, पण सीसीपीडीची कटकट नाही. एलबीपी २९०० साठी मी तोच सुचवेन.

छपाई मोजकी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: मिंटमध्ये पीडीएफ करा आणि जवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा, किंवा पुढचा प्रिंटर घेताना लिनक्स बघून घ्या. एप्सनची एल मालिका ईएससी-पी-आर ड्रायव्हरवर सरळ चालते. ब्रदर स्वतः डेब, म्हणजे मिंटवर चालणारी पॅकेजं देतं. एचपीचं एचपीलिप हे प्रिंटर-सॉफ्टवेअर मिंटमध्ये असतंच, पण लेझरजेट १०२० किंवा एम१००५ यांसारख्या आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या यंत्रांना वेगळं प्लगइन उतरवून घ्यावं लागतं. १०२० च्या आत फर्मवेअर कायमचं साठवलेलं नसतं, प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाने ते पाठवायचं असतं. प्लगइनचा आणि एचपीलिपचा आवृत्ती-क्रमांक एकच असावा लागतो. एचपीलिप नवीन झालं की प्लगइनही नव्याने घ्यायचं.

ताळेबंद:
एक भर घालतो, माळवद यांना लागू नसली तरी हा धागा इतरही वाचतील. घरातून टॅली चालत असेल किंवा यूएसबी टोकनवरची डिजिटल सही वापरून जीएसटी, कंपनी कायद्याची विवरणपत्रं भरली जात असतील, तर त्या कामासाठी विंडोजचं यंत्र राहू द्या. टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या साधनावर) ती उघडते म्हणून कुणी सांगेल, पण मार्चअखेर डेटा बिघडला तर निस्तरायला कुणी येणार नाही. एक्सेलमध्ये मॅक्रो असलेल्या फाइलीही आधी लिब्रेऑफिसमध्ये उघडून तपासा. साधी सूत्रं चालतात, मॅक्रो बरेचदा अडतात.

आणि ज्यांना एकाच डिस्कवर दोन्ही ठेवायचंय त्यांच्यासाठी: विंडोजची पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा, मिंटच्या इन्स्टॉलरमधून नको. आधीची ईएफआय पार्टिशन वापरा, पण तिला फॉरमॅटची खूण करू नका, नाहीतर विंडोजचा बूटलोडर जातो. मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. मिंटला मदरबोर्डवर स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की ते मिटतं.

माळवद:
सगळ्यांचे आभार. श्री-लिपीच्या फाइलींच्या पीडीएफ केल्या, एसएसडी आणि ८ जीबी रॅम बसवली, मिंट सिनॅमन व्यवस्थित उतरलं. 'किनाऱ्यावर' बरोबर उमटतंय. दोन अडचणी राहिल्यात. पहिली, वायफाय राउटरच्या खोलीत ठीक चालतं, पण बाहेरच्या खोलीत जेमतेम एक कांडी, विंडोजवर तिथंच पूर्ण असायची. कार्ड रिअलटेक आरटीएल८७२३बीई आहे. दुसरी, जुनी डिस्क केसिंगमधून जोडली तर फोटो दिसतात, पण फोल्डरचं नाव बदलता येत नाही.

सोल्डरगन:
वायफायचं हे या कार्डाचं नेहमीचं दुखणं. कार्डावर अँटेनाच्या दोन जोडण्या आहेत, बऱ्याच एचपी लॅपटॉपांत तार एकाच जोडणीला लावलेली असते, आणि ड्रायव्हर रिकाम्या जोडणीवर ऐकत बसतो. ईटीसी फोल्डरातल्या मॉडप्रोब-डॉट-डी (modprobe.d) या फोल्डरमध्ये, शेवटी डॉट-कॉन्फ येईल अशा नावाची साधी मजकूर फाइल करा. तिच्यात एकच ओळ: ऑप्शन्स, मग मॉड्यूलचं नाव आरटीएल८७२३बीई, मग अँट-सेल बरोबर २. हे सगळं लहान इंग्रजी अक्षरांत, आणि अँट व सेल यांच्या मध्ये अंडरस्कोर. फाइल रूटच्या (प्रशासकाच्या) अधिकाराने साठवा, लॅपटॉप पुन्हा सुरू करा. फरक पडला नाही तर २ च्या जागी १. यात फाइल चुकली तरी नुकसान नाही, ती पुसली की सगळं पूर्ववत.

डिस्क फक्त वाचायला उघडतेय याचा अर्थ फास्ट स्टार्टअपची खूण राहिली किंवा विंडोज झोपेतच बंद झालं. त्या डिस्कवर सक्तीने लिहायला जाऊ नका. तुम्हाला तिच्यावर काही बदलायचंच नाहीये. वाचता येतंय ना, मग १२० जीबी सरळ एसएसडीवरच्या होममध्ये (तुमच्या फाइलींच्या फोल्डरमध्ये) कॉपी करा आणि नावं तिथं बदला. कॉपीच्या आधी डिस्क्स नावाचं साधन उघडून जुन्या डिस्कचा स्मार्ट, म्हणजे प्रकृतीचा, अहवाल बघा. काही केसिंग तो अहवाल पुढे पाठवत नाहीत, तसं असेल तर सोडून द्या. अहवाल दिसला आणि करंट पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या जागांचा) आकडा शून्याहून जास्त असला, तर आधी कागदपत्रं घ्या, मग फोटो, आणि अडलेल्या फाइलीवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. मरायला टेकलेली डिस्क त्या प्रयत्नांतच जाते.

मिंटमधलं टाइमशिफ्ट हे साधन लावाल तेव्हा एक ध्यानात ठेवा: ते प्रणालीचा फोटो काढतं, तुमच्या फोटोंचा नाही. होम फोल्डर त्यात मुद्दाम वगळलेलं असतं. बिघडलेल्या अपडेटपासून ते वाचवतं, कागदपत्रांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावीच लागते.

वेलांटी:
त्या प्रतीसाठी मिंटमध्येच बॅकअप टूल आहे. त्यात पर्सनल डेटा निवडला की होममधल्या फाइलींचं एक गाठोडं बाहेरच्या डिस्कवर करता येतं. सोसायटीचं दप्तर दर महिन्याच्या सभेनंतर तसं काढून ठेवा. मात्र जुन्या विंडोजच्या डिस्कवर नको, तिच्यावर वर्षभर तरी काही लिहू नका.

माळवद:
अँट-सेल १ ने काम झालं, बाहेरच्या खोलीत आता चार कांड्या आहेत. पेंडिंग सेक्टर शून्य, कॉपी चालू आहे. कॅप्टड्रायव्हर रविवारी बघतो. तोपर्यंत नोटीस पीडीएफ करून कोपऱ्यावरून छापून आणली.

टोनर:
रविवारी सुरू करण्याआधी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून बिल्ड-इसेन्शियल, ऑटोमेक आणि कप्स या छपाईच्या यंत्रणेच्या डेव्हलपमेंट फाइली टाकून घ्या, कम्पाइल बहुतेक त्यांच्या अभावानेच थांबतं. प्रिंटर जोडताना यादीत तो आपोआप आला असेल तर ती नोंद आधी काढा, मग कॅप्टड्रायव्हरसोबतची पीपीडी, म्हणजे प्रिंटरची माहिती असलेली, फाइल देऊन नव्याने जोडा. कागदाचं माप ए४ आहे का पाहा. लेटर राहिलं तर खालची सही कापली जाते.